शोधाची मजुरी : जुन्या जीपच्या अनोळखी आवाजाविषयी

भाईंदर पूर्वेस रेल्वेमार्गापासून थोडे आत गेले म्हणजे लहान कारखान्यांचे गाळे लागतात. मोटारदुरुस्ती करणारे मिस्त्रीही याच परिसरात काम करतात. ठाणे जिल्ह्याच्या आतल्या गावांतून एखादी जुनी, चारही चाकांना जोर देता येणारी जीप अशा गाळ्यापुढे येऊन उभी राहते, तेव्हा होणारे संभाषण बहुधा ठरावीक असते. मालक म्हणतो, "आवाज येतो." मिस्त्री विचारतो, "कुठून?" मालक म्हणतो, "मागून असेल." यानंतर तिसरा प्रश्न निघतो तो कोणता भाग बदलावा आणि तो कितीला पडेल, याविषयी. आवाज कोठून व कशामुळे येतो, हा मूळ प्रश्न तेथेच मागे राहतो. संध्याकाळी नवा भाग बसवलेली गाडी गावाकडे निघते आणि पुष्कळदा जुना आवाजही तिच्याबरोबरच परत जातो.

हा प्रकार केवळ मोटारीपुरता असता, तर त्याची दखल या पानांत घेण्याचे कारण नव्हते. परंतु जीप आणि कृषिविस्तार यांचा संबंध जुना आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात ५५ ठिकाणी सामूहिक विकास योजनांचा आरंभ झाला आणि पुढील वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली. त्या काळात बांधावर येणारे सरकारी वाहन म्हणजे जीप, असे समीकरणच झाले होते. मुंबईत महिंद्र आणि महिंद्र या कंपनीने विलीज जीपची जुळणी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच हाती घेतली होती. आज परिस्थिती बदलली आहे. १५ वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून नव्याने करून मिळत नाही. त्यामुळे ज्या जुन्या जीपगाड्या अद्याप चिखलातून रोपे, खत आणि भाजीपाला वाहतात, त्या मुख्यतः खासगी मालकांच्या, आणि त्यांत शेतकऱ्यांच्याही, आहेत. त्यांच्या दुरुस्तीचा प्रत्येक रुपया पिकाच्या उत्पन्नातून जातो.

खाडीकाठची हवा

भाईंदरच्या उत्तरेस वसईची खाडी आहे. एके काळी हा परिसर मिठागरांनी वेढलेला होता आणि नवघर, गोडदेव, खारी ही नावे आज शहरात मिसळली असली तरी ती मुळात गावांची आहेत. खाडीवरची हवा खारी व दमट असते. पावसाळ्यात सखल रस्त्यांवर पाणी साचते आणि भरतीच्या वेळी ते लवकर ओसरत नाही. अशा पाण्यातून गेलेल्या गाडीच्या ग्रीसमध्ये, बेअरिंगमध्ये आणि पाट्यांच्या फटींत पाणी शिरते. पाणी निघून जाते, मीठ मात्र मागे राहते आणि लोखंड खात राहते. किनाऱ्याजवळच्या गाडीत गंजाचे आवाज अधिक आणि लवकर सुरू होतात, याचे कारण हेच होय. कोकणपट्टीत कोठेही हीच स्थिती आहे.

आवाजाविषयी दोन मते

जुन्या गाडीच्या आवाजाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी प्रचलित आहेत. पहिली म्हणते, "गाडी म्हातारी झाली, ती कुरकुरणारच." दुसरी म्हणते, "संशय आहे ना, मग सगळेच बदलून टाका." पहिली दृष्टी आळसाची व दुसरी उतावळेपणाची आहे. परिणाम मात्र दोहींचा एकच होतो, आणि तो म्हणजे नुकसान. दुर्लक्षिलेले चाकाचे बेअरिंग एके दिवशी अडकून बसते, आणि गाडीत माणसे असताना ते अडकले तर हानी केवळ पैशाची राहत नाही. उलटपक्षी, संशयावरून बदललेले चार भाग चांगलेच असतील, तर ती रक्कम व्यर्थ गेली आणि खरा दोष तसाच राहिला.

आवाज हे लक्षण आहे. ताप हा जसा स्वतः रोग नव्हे, तसाच आवाज हा स्वतः दोष नव्हे. भाताचे पान पिवळे पडले म्हणजे जाणता शेतकरी लगेच एकच औषध आणत नाही. नत्र कमी पडले काय, जस्ताच्या अभावाने होणारा खैरा आहे काय, पाणी तुंबून मुळे गुदमरली काय, की बांध फुटून खारे पाणी आत आले, हे तो क्रमाने पाहतो. एका लक्षणामागे चार कारणे असू शकतात आणि चौघांचे उपाय निरनिराळे आहेत. जीपच्या आवाजालाही हाच न्याय लागू आहे.

शोध कसा चालतो

शोध म्हणजे काय, हे समजण्यासाठी उदाहरणादाखल एक गाडी डोळ्यांपुढे आणावी. गाडी जुनी आहे. सावकाश चालताना "किर्र, किर्र" असा कोरडा आवाज येतो आणि ताशी ४० किलोमीटरच्या पुढे त्याची घरघर होते. मालकास तो मागून येतो असे वाटते. मागील चाकांची बेअरिंगे बदलून झाली, दोन टायर बदलून झाले, तरी आवाज कायम आहे. पुढील आसाचा कोणी विचारच केला नाही, कारण पुढच्या चाकांना जोर देणारी दांडी सुटलेलीच होती.

प्रथम गाडी उभी ठेवून, गिअर न टाकता इंजिन वेगाने फिरवून पाहावे. आवाज आला, तर दोष इंजिन, पंखा, पट्टा, धूरनळी किंवा गिअरपेटीचा पुढील भाग यांत शोधावा. क्लचचे पेडल दाबताच आवाज सुरू होत असेल, तर क्लचचे बेअरिंग तपासावे. पेडल दाबताच तो थांबत असेल, तर गिअरपेटीत शिरणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. आपल्या उदाहरणातील गाडी उभी असताना शांत आहे. एवढ्या एका परीक्षेने निम्मी गाडी संशयातून मुक्त झाली.

नंतर सपाट व मोकळ्या रस्त्यावर गाडीस वेग देऊन गिअर मोकळा करावा. उतारावर मात्र हे कदापि करू नये. इंजिनाचा वेग उतरला तरी आवाज गाडीच्या वेगाबरोबरच राहिला, तर तो चाके, टायर, आस किंवा प्रोपेलर शाफ्ट यांचा असतो. येथे तो तसाच राहिला.

तिसरी परीक्षा वळणाची. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो आणि उजवीकडे वळताना डाव्या चाकांवर जातो. चाकाचे बेअरिंग खराब असेल, तर त्यावर भार येताच आवाज बहुधा वाढतो. येथे दोन्ही वळणांत काही फरक पडला नाही. म्हणजे बेअरिंगवरील संशय क्षीण झाला. ही परीक्षा आधी झाली असती, तर बेअरिंगांचा खर्च वाचला असता.

चौथी परीक्षा मोजण्याची. जुन्या जीपच्या चाकाचा घेर सुमारे सव्वादोन मीटर असतो. गाडी माणसाच्या चालीने, म्हणजे ताशी ५ किलोमीटर वेगाने नेली, तर ५ सेकंदांत चाकाचे जवळजवळ ३ फेरे होतात. चाकावर खडूची खूण करून एका माणसाने शेजारून चालावे व आवाज मोजावा. ५ सेकंदांत ३ आवाज आले, तर दोष चाकासोबत फिरणाऱ्या वस्तूत आहे, जसे टायर, हब किंवा ब्रेकचा ड्रम. अशा गाड्यांत चाकाचा एक फेरा होईतो प्रोपेलर शाफ्टचे सुमारे पाच फेरे होतात. यास्तव त्याच ५ सेकंदांत पंधराच्या आसपास आवाज आले, तर तो शाफ्टचा समजावा. येथे आवाज भराभर आले, तिनाच्या कितीतरी पुढे गेले. टायर निर्दोष ठरले, परंतु ते बदलून झाल्यावर.

आता प्रश्न उरतो तो पुढील शाफ्ट की मागील, एवढाच. येथे चार चाकी जोराच्या गाडीची एक खुबी ध्यानात घ्यावयास हवी. पुढची चाके इंजिनापासून सोडवली, तरी ती रस्त्यावर फिरतच असतात आणि आपल्याबरोबर पुढील आस, त्यातील दातचक्रे व पुढील प्रोपेलर शाफ्ट यांनाही फिरवीत राहतात. चाकांना आसापासून सोडविणारे वेगळे हब बसविलेले व सुटलेले असतील, तरच हे भाग थांबतात. म्हणून दांडी सुटलेली आहे एवढ्यावरून पुढील आस निर्दोष ठरत नाही. गाडी थंड झाल्यावर, चाकांना उटी लावून, पुढील शाफ्ट हाताने हलवून पाहिला असता त्याच्या एका सांध्याच्या क्रॉसभोवती तांबूस गंजाची पूड दिसते. ग्रीस कधीच वाहून गेले आहे. शाफ्ट काढून गाडी केवळ मागील चाकांवर चालवून पाहिली असता ती निःशब्द चालते. दोष सापडला. एका क्रॉसचे मोल दोन टायरांपुढे अल्पच असते.

मालकास आवाज मागून येतो असे का वाटले, तेही सांगितले पाहिजे. आवाज लोखंडी चौकटीतून धावतो आणि जेथे पत्रा सैल असेल तेथे उमटतो. कान फसतो, मोजणी सहसा फसत नाही. आवाज डावीकडचा की उजवीकडचा, हे ठरविण्यासाठी लांब भिंतीच्या कडेने, काचा उघड्या ठेवून, गाडी एकदा एका बाजूने व एकदा दुसऱ्या बाजूने न्यावी. भिंतीकडील बाजूचा आवाज परतून स्पष्ट ऐकू येतो. भाईंदरसारख्या गजबजलेल्या जागी, जेथे आगगाडीचा आवाज सारखा चालू असतो, ही तपासणी पहाटे करावी.

काही साधी कारणेही विसरू नयेत. ब्रेकच्या ड्रममध्ये शिरलेला लहान खडा, पाट्यांच्या शॅकलमधील कोरडी बुशे, सैल झालेले पाट्याचे बोल्ट, धूरनळीची तुटलेली पट्टी, किंवा हत्यारांच्या पेटीत सैल पडलेला पाना यांनीही पुष्कळ मोठा आवाज होतो. स्वस्त कारणे आधी तपासावीत व महाग कारणांकडे नंतर वळावे.

कोरड्या डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर पुढच्या चाकांचा जोर चालू ठेवणे हेही आवाजाचे एक कारण आहे. वळताना पुढील चाके मागील चाकांपेक्षा अधिक अंतर कापतात. जुन्या जीपमध्ये दोन्ही आस एकाच वेगाने जखडले जात असल्याने हा फरक कोठेच सामावत नाही आणि सर्व यंत्रणेत पीळ भरतो. टायर घासतात, सांध्यांतून खाडखाड आवाज येतो. चिखलात चाके घसरून हा पीळ आपोआप उतरतो. म्हणून ती दांडी चिखलासाठी व वाळूसाठी आहे, डांबरी रस्त्यासाठी नाही.

जिवाची काळजी

शोध घेताना काही नियम मोडता उपयोगी नाहीत. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. भक्कम आधार द्यावा व जमिनीवरील चाकांना उटी लावावी. एकच आस उचललेला असताना चारही चाकांचा जोर चालू करू नये, कारण जमिनीवरील चाके गाडीला आधारावरून खेचून काढतील. जुन्या जीपच्या पुष्कळ नमुन्यांत हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर पेटीच्या मागे, शाफ्टच्या तोंडाशी असतो. अशा गाडीचा मागील शाफ्ट काढला, की हातब्रेक मागील चाकांना धरीत नाही. ही गोष्ट न जाणल्याने उतारावर उभी केलेली गाडी निसटू शकते. शाफ्ट काढण्यापूर्वी दोन्ही तोंडांवर खूण करावी व तो होता तसाच परत बसवावा. अन्यथा दुरुस्तीनंतर थरथर हा नवाच दोष निर्माण होईल.

शोध फुकट, भाग विकत

एवढी तपासणी पाहिल्यावर कोणीही विचारील की, मग मिस्त्री असे का करीत नाहीत? या प्रश्नाचे उत्तर मिस्त्र्यांच्या ज्ञानात नसून ग्राहकांच्या रीतीत आहे. जुन्या गाडीवर हात बसलेल्या मिस्त्रीस या सर्व परीक्षा ठाऊक असतात. परंतु त्याने दोन तास गाडी चालवून, ऐकून, मोजून दोष शोधला आणि अखेर एक सैल बोल्ट आवळला, तर मालक त्यास काय देतो? पुष्कळदा चहाचे पैसे. "एक बोल्ट तर आवळला, त्यात काय?" असे म्हटले जाते. त्याच मिस्त्रीने अर्ध्या तासात एक मोठा भाग बदलला, तर भागाची किंमत व मजुरी निमूटपणे मिळते. शोधास मोल नाही आणि भागास मोल आहे, अशी रीत ग्राहकानेच पाडल्यावर मिस्त्रीने शोध सोडून भाग बदलावेत, यात नवल ते काय? त्याच्याही घरी चूल आहे.

ही रीत पालटली पाहिजे. गाडी देतानाच मालकाने सांगावे की, शोधासाठी लागणाऱ्या वेळेची मजुरी वेगळी दिली जाईल, मग शेवटी काही बदलावे लागो अथवा न लागो. तसेच मिस्त्रीस भागाचे नाव सांगू नये, लक्षण सांगावे. "मागचे बेअरिंग बदला" असे म्हटले की मिस्त्री बेअरिंग बदलतो, कारण त्यास तसे सांगितलेले असते. "ताशी ४० च्या पुढे घरघरते, गिअर मोकळा केला तरी राहते, वळणावर बदलत नाही" असे म्हटले, तर चांगला मिस्त्री अर्धी वाट तेथेच चालून जातो.

यावर असा आक्षेप येईल की, हातावर पोट असलेल्या शेतकऱ्यास दोन दिवस गाडी थांबवून शोधाची मजुरी देणे परवडणार नाही. आक्षेप खरा आहे आणि त्यास हलके मानता येत नाही. भाताची लावणी चालू असताना गाडी उभी राहिली, तर मजूर बसून राहतात. परंतु वर वर्णिलेल्या पहिल्या चार परीक्षांना पैसे लागत नाहीत. त्या मालकाने गावातच, शेजाऱ्यास सोबत घेऊन एका सकाळी कराव्यात. मिस्त्रीकडे उरतो तो शेवटचा भाग. शिवाय, चुकीच्या भागांवर गेलेला पैसा आणि त्यासाठी पुनःपुन्हा गाळ्यापुढे उभी राहिलेली गाडी यांचा हिशेब मांडला, तर शोधाची मजुरी बहुधा स्वस्तच ठरेल. तथापि, लक्षण ब्रेक, सुकाणू किंवा चाकाचा खेळ यांशी संबंधित वाटले, तर परीक्षा करीत बसू नये. गाडी तेथेच थांबवावी.

कार्यकर्त्यांचे काम

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस मोटारदुरुस्ती शिकविणे हा या लेखाचा हेतू नाही. परंतु जी सवय ते पिकाबाबत लावू पाहतात, तीच येथे कामी येते. औषधाच्या दुकानात सल्ला फुकट मिळतो व औषध विकत मिळते. ज्याची कमाई विक्रीवर आहे, त्याच्या सल्ल्याचा कल विक्रीकडे झुकणे स्वाभाविक आहे. विस्तारसेवा उभी राहिली ती याच कारणासाठी की, शेतकऱ्यास असा सल्लागार मिळावा ज्यास काहीच विकावयाचे नाही. पान पाहणे, मूळ उपटून पाहणे, शेजारच्या वाफ्याशी ताडून पाहणे आणि मग बोलणे, ही त्याची रीत. यंत्राच्या बाबतीत मात्र असा निर्लोभी शोधक शेतकऱ्यास सहसा लाभत नाही. म्हणून त्याने तो काही अंशी स्वतःच व्हावे आणि उरलेल्या अंशासाठी मिस्त्रीस योग्य मोल द्यावे.

प्रत्येक गाडीत एक साधी वही ठेवावी. आवाज केव्हा सुरू झाला, किती वेगाला येतो, भार असताना येतो की रिकाम्या गाडीस, पाण्यातून गेल्यावर वाढला काय, काय तपासले व काय बदलले, हे तारखेसह लिहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कोणत्या बदलाने गुण आला ते कळते. खाऱ्या पाण्यातून गाडी गेली, तर गोड्या पाण्याने खालचा भाग धुवावा, सांध्यांतील निपलांतून ताजे ग्रीस भरावे आणि आसांतील तेल पाहावे. तेल दुधाळ दिसले, तर पाणी आत गेले असे समजून ते त्वरित बदलावे. चाळीत पाणी शिरले म्हणजे कांदा सडण्याची वाट कोणी पाहत नाही. तोच विवेक येथेही असावा.

जुनी जीप टिकावी की मोडीत जावी, हा प्रत्येक मालकाचा स्वतंत्र निर्णय आहे. परंतु ती जोवर रस्त्यावर आहे, तोवर तिच्या आवाजास कान देणे व त्याचे कारण शोधणे हे मालकाचे कर्तव्य आहे. आवाज दाबून टाकणारी गाडी सुधारत नाही, आणि संशयावरून भाग बदलणारा मालक शहाणा होत नाही. पुढल्या वेळी गाळ्यापुढे गाडी उभी राहील, तेव्हा "काय बदलायचे?" या प्रश्नाआधी "काय काय पाहिले?" हा प्रश्न विचारला जावा आणि पाहणाऱ्याच्या हातावर त्याच्या वेळेचे मोल ठेवले जावे. असे झाले, तर खाडीकाठच्या या गाळ्यांतून निघणारी गाडी आवाज मागे ठेवून गावाकडे जाईल.